विश्लेषण : अपुरे सॉफ्टवेअर मुद्दाम वाटतात, ते कशासाठी? ‘अर्ली ॲक्सेस’ चाचणीत वापरणाऱ्याच्या हाती काय लागते?

प्रोग्रामिंगसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती अधिकृतपणे येण्याच्या काही आठवडे आधीच ती कुणालाही उतरवून घेता येते. बहुतेक वेळा फुकट. कंपनी स्वतःच बजावून सांगते, की हे अजून पक्के झालेले नाही, मध्येच अडकेल, कधी बंदही पडेल, महत्त्वाच्या कामाला वापरू नका. तरीही जगभरातले प्रोग्रामर ते वापरतात. हिंजवडीतल्या कंपन्यांपासून इंजिनीअरिंग कॉलेजांच्या हॉस्टेलपर्यंत ते पोहोचलेले असते. यालाच ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. नाव ऐकून आधी मिळालेली भेट वाटते. प्रत्यक्षात तो एक व्यवहार आहे. त्यात कोण काय देतो, काय घेतो आणि तुमच्या-आमच्या मराठीचा त्याच्याशी काय संबंध, हे पाहू.

‘अर्ली ॲक्सेस’ म्हणजे नेमके काय?

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रोग्रामर कोड लिहितो ते साध्या नोटपॅडमध्ये नाही. कोड लिहिणे, चुका शोधणे, तो चालवून बघणे, मागच्या बदलांशी ताडून पाहणे ही सगळी कामे एकाच खिडकीत करून देणारे सॉफ्टवेअर असते, त्याला ‘आयडीई’ म्हणतात. सुताराचे जसे सगळी हत्यारे हाताशी ठेवलेले कामाचे टेबल, तसे हे. दिवसाचे आठ-दहा तास माणूस त्यावर बसलेला असतो, त्यामुळे त्यातले एखादे बटण इकडचे तिकडे झाले तरी चिडचिड होते.

या क्षेत्रातले मोठे नाव म्हणजे जेटब्रेन्स. २००० मध्ये प्राग शहरात ही कंपनी सुरू झाली आणि तिच्या ‘इंटेलिजे आयडिया’ची पहिली आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली. आज वर्षाला साधारण तीन मोठ्या आवृत्त्या येतात. त्यांना वर्षावरूनच क्रमांक दिलेले असतात, म्हणजे २०२४.३ ही २०२४ सालातली तिसरी. प्रत्येक मोठ्या आवृत्तीआधी काही आठवडे कंपनी ‘अर्ली ॲक्सेस प्रोग्रॅम’ चालवते. प्रोग्रामरांच्या बोलीत ‘ईएपी’. या काळात थोड्या थोड्या दिवसांनी नवा ‘बिल्ड’, म्हणजे त्या क्षणापर्यंत तयार झालेले सॉफ्टवेअर, सर्वांसाठी खुला होतो. एरवी ज्यासाठी पैसे मोजावे लागतात अशा आवृत्तीचे बिल्डही या काळात विनामूल्य वापरता येतात.

मात्र त्याला मुदत असते, तीस दिवसांची. इथे अनेक जण फसतात. हे तीस दिवस तुम्ही ते टाकल्यापासून मोजले जात नाहीत, बिल्ड तयार झाल्यापासून मोजले जातात. म्हणजे पंचविसाव्या दिवशी उतरवून घेतले, तर तुमच्या हातात पाचच दिवस. पुढे चालू ठेवायचे, तर नवा बिल्ड घ्या. जुन्यावर कुणी बसून राहू नये, सर्वांच्या तक्रारी ताज्या बिल्डवरच याव्यात, असा त्यामागचा हिशेब.

तुमच्या फोनमधल्या ॲपशीही याचा संबंध आहे. अँड्रॉइड ॲप बनवण्यासाठी गुगलने ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ मे २०१३ मध्ये जाहीर केला, तोही ‘अर्ली ॲक्सेस प्रिव्ह्यू’ म्हणूनच. आवृत्ती क्रमांक होता ०.१. त्याचा पाया इंटेलिजे आयडियाचाच. पक्की १.० आवृत्ती यायला डिसेंबर २०१४ उजाडला. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष लोक अपुऱ्या हत्यारावर काम करून ते घडवत होते. त्याआधी ‘एक्लिप्स’ नावाच्या सॉफ्टवेअरवर ॲप बनत. २०१५ अखेर गुगलने त्याच्या साधनांचा पाठिंबा थांबवला आणि सगळेच नव्या घरात आले.

एक गल्लत टाळायला हवी. गेम खेळणाऱ्यांनाही ‘अर्ली ॲक्सेस’ हा शब्द ओळखीचा असतो. स्टीम या मंचावर २०१३ पासून अपुरे गेम त्याच नावाने मिळतात, पण तिथे खेळणारा पैसे मोजतो. प्रोग्रामिंगच्या हत्यारांत सहसा उलट असते.

अल्फा, बीटा, कॅनरी... इतक्या पायऱ्या कशासाठी?

कॉलेजांतून सध्या सर्वाधिक कानावर पडणारी भाषा पायथन, तिचेच वेळापत्रक पाहू. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते. तिच्याआधी सात ‘अल्फा’, चार ‘बीटा’ आणि मग ‘रिलीज कँडिडेट’ अशा चाचणी-आवृत्त्या निघतात. अल्फात नवे काही येऊ शकते, असलेले काढलेही जाऊ शकते. साधारण मे महिन्यात पहिला बीटा आला, की दार बंद. त्यानंतर नवी सुविधा घालायची नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. रिलीज कँडिडेट म्हणजे ‘आता गंभीर काही सापडले नाही, तर हेच अंतिम’.

अँड्रॉइड स्टुडिओच्या सर्वांत कच्च्या आवृत्तीला ‘कॅनरी’ म्हणतात. कॅनरी हा छोटा पिवळा पक्षी. पूर्वी कोळशाच्या खाणीत कामगार त्याचा पिंजरा सोबत नेत. विषारी वायूचा त्रास माणसाआधी पक्ष्याला होई. तो मलूल झाला, की माणसे बाहेर पळत. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. तेव्हा कॅनरी आवृत्ती टाकताना आपण पक्षी आहोत की खाणकामगार, हे ज्याने त्याने ठरवावे!

मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हीएस कोड’ची अशीच ‘इनसायडर्स’ आवृत्ती असते. नेहमीच्या निळ्या चिन्हाऐवजी हिरवे चिन्ह. दोन्ही एकाच संगणकावर शेजारी शेजारी राहू शकतात, ही मोठी सोय.

पायऱ्या गाळल्या तर काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो आठवत असतील. ते सॉफ्टवेअर प्रोग्रामिंगचे नव्हते, पण गणित तेच आहे. आधी थोड्यांकडे, मग जास्तांकडे, मग सर्वांकडे. नंतर त्या कंपनीनेही टप्प्याटप्प्याने फाइल पाठवण्याची पद्धत स्वीकारली.

कंपनी फुकट का देते?

कारण कंपनीच्या चाचणी विभागाला तुमचा संगणक विकत घेता येत नाही. कुणाकडे चार वर्षांपूर्वीचा ८ जीबीचा लॅपटॉप, कुणाकडे दोन मॉनिटर, कुणी पंधरा प्लगइन टाकलेली, कुणाच्या प्रोजेक्टमध्ये वीस वर्षांचा साचलेला कोड. या सगळ्यांच्या जोड्या लावायला बसले, तर संख्या मोजता येणार नाही. त्या बाहेरच सापडतात.

दुसरे, प्लगइन बनवणाऱ्यांना वेळ हवा असतो. हत्याराची नवी आवृत्ती आली आणि त्यावर बसणारी जोडसामग्री चालेना, तर शिव्या हत्याराला पडतात. जावा भाषेत याची रीतसर व्यवस्थाच आहे. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, तिचे ‘अर्ली ॲक्सेस’ बिल्ड आधी खुले असतात आणि मुक्तस्रोत प्रकल्पांनी त्यांवर आपापला कोड चालवून पाहावा, यासाठी ओपनजेडीकेचा वेगळा उपक्रम चालतो.

तिसरे, माहिती. कोणते बटण किती वेळा दाबले गेले, काय करताना सॉफ्टवेअर बंद पडले, याची आकडेवारी चाचणी आवृत्त्या कंपनीला पाठवत असतात. नेहमीच्या आवृत्तीत काही ठिकाणी तुमची परवानगी विचारली जाते. चाचणी आवृत्तीत हा पर्याय अनेकदा आधीपासून चालू असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो बघावा.

मग हे फुकटात राबवून घेणेच झाले का? थोडेसे आहेच. भरपूर नफा कमावणाऱ्या कंपनीच्या मालातल्या चुका कॉलेजमधल्या मुलाने रात्री जागून शोधाव्यात आणि त्याला बदल्यात काही मिळू नये, हे खटकते. जेटब्रेन्ससारख्या कंपन्यांनी वेगवेगळ्या वेळी सर्वाधिक उपयोगी तक्रारी देणाऱ्यांना वर्षभराचा परवाना दिला आहे, पण तो सन्मान म्हणून, मोबदला म्हणून नाही. दुसऱ्या बाजूला आपल्याकडची एक खोडही सांगायला हवी. पैसे भरावे लागू नयेत म्हणून एकामागून एक चाचणी बिल्ड टाकत वर्ष काढणारे महाभाग प्रत्येक बॅचमध्ये असतात. तक्रार एकही नोंदवायची नाही, फक्त वापरायचे. विद्यार्थ्यांना तर याची गरजही नाही. कॉलेजचा ईमेल किंवा ओळखपत्र दाखवून शैक्षणिक परवाना विनामूल्य मिळतो.

तक्रारीने खरेच काही बदलते का?

बदलते. पण केव्हा केली, यावर ते अवलंबून असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण पायथन ३.१० चे.

पायथनमध्ये एखाद्या नावापुढे ‘हे पूर्णांक आहे’, ‘हा मजकूर आहे’ अशी टीप लिहिता येते. कोड चालताना भाषा स्वतः या टिपांकडे लक्ष देत नाही. पण काही लोकप्रिय जोडग्रंथालये नेमक्या त्याच टिपा वाचून काम करतात. फॅस्टएपीआय आणि पायडँटिक ही त्यांतली दोन. वेबसाइटवरच्या अर्जात वयाच्या रकान्यात कुणी अक्षरे टाकली, तर ती नाकारायची, हे काम त्या टिपा पाहूनच होते.

३.१० साठी ठरलेला बदल असा होता, की या टिपा आता केवळ मजकूर म्हणून साठवल्या जातील. त्यामुळे भाषा थोडी वेगवान होणार होती. निर्णय काही वर्षांपूर्वीच झालेला होता आणि अल्फा आवृत्त्यांत तो उतरलाही होता. एप्रिल २०२१ मध्ये, पहिला बीटा जेमतेम काही आठवड्यांवर असताना, पायडँटिक आणि फॅस्टएपीआयच्या कर्त्यांनी हाक दिली. या बदलाने आमची ग्रंथालये अनेक ठिकाणी मोडतील. मजकुरातून मूळ टीप पुन्हा उभी करणे प्रत्येक वेळी शक्य नाही.

पायथनच्या सुकाणू समितीने २० एप्रिल २०२१ रोजी बदल मागे घेतला. दार बंद व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ३.१० आली, ती जुन्याच पद्धतीने. मूळ प्रश्नावर दोन्ही बाजूंना चालेल असा वेगळा तोडगा शोधला गेला आणि तो प्रत्यक्षात आला ऑक्टोबर २०२५ मध्ये, पायथन ३.१४ सोबत. साडेचार वर्षे लागली. पण हीच हाक पाच महिने उशिरा आली असती, तर फॅस्टएपीआयवर उभ्या असलेल्या असंख्य सेवांना आपला कोड बदलत बसावे लागले असते. कारण एकदा आवृत्ती बाहेर पडली, की लोक तिच्यावर घरे बांधतात आणि मग चूक दुरुस्त करायलाही कुणाचे तरी घर पाडावे लागते.

प्रत्येक वेळी इतके ऐकले जाते, असे नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओच्या नव्या आवृत्तीचा बीटा दिला. सगळी चिन्हे करडी. रंगावरून बटण ओळखायची सवय असलेल्या प्रोग्रामरांनी गोंधळ घातला. पुढच्या चाचणी आवृत्तीत कंपनीने थोडे रंग परत आणले, पण त्याच दमात मेनूमधली सगळी इंग्रजी अक्षरे कॅपिटल केली! त्यावर पुन्हा ओरड झाली. कॅपिटल अक्षरे अंतिम आवृत्तीत राहिलीच; ज्याला नको त्याच्यासाठी ती बंद करायची पळवाट ठेवली गेली. निम्मे ऐकले म्हणायचे.

जेटब्रेन्सने २०२२ पासून आपला चेहरामोहरा बदलायला घेतला, तेव्हा तक्रार होती ती जागेची. नव्या रचनेत सगळे ऐसपैस. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर कोडला जागाच उरेना. मग २०२३.१ मध्ये आटोपशीर असा ‘कॉम्पॅक्ट मोड’ आला. आपल्याकडे पंधरा इंचांच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांची संख्या पाहता, ही तक्रार करणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत.

मराठीचा इथे काय संबंध?

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण वाचाच.

‘ज्ञानेश्वर’ या शब्दात अक्षरे किती? पहिलीतले पोर सांगेल, चार. ज्ञा, ने, श्व, र. पायथनला विचारा, उत्तर येते दहा. कारण संगणकाच्या लेखी ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे दहा वेगवेगळे संकेत तिथे ठेवलेले आहेत. आता वाचणाऱ्याला ‘एक अक्षर’ कुठे संपते असे वाटते, हे ठरवण्यासाठी युनिकोडचे नियम आहेत. जुन्या नियमांनी या शब्दाचे सहा तुकडे होत, कारण जोडाक्षर हलन्तापाशी तुटत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नियम बदलला. आता जोडाक्षर अखंड धरले जाते आणि उत्तर चार येते.

चांगलेच झाले. पण याचा अर्थ असा, की एखादे सॉफ्टवेअर जुन्या युनिकोडवरून नव्याकडे गेले, की मराठी मजकुराची मोजणी, कर्सरची उडी, तुकडे पाडण्याची जागा यांत फरक पडू शकतो. कुठे ‘तीस अक्षरांची मर्यादा’ असलेल्या रकान्यात नाव जास्त मावेल. कुठे एक अक्षर पुढे जायला बाणाचे बटण दोनदा दाबावे लागत होते, तिथे एकदाच लागेल. कुठे याच्या उलट. इंग्रजीतच काम करणाऱ्या चाचणी इंजिनीअरला यातले काही दिसण्याची शक्यता कमी.

याहून खास मराठीची अडचण म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ मधला र. तो टंकण्याच्या दोन पद्धती आहेत. एकात खाली टिंब असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधायला गेलात, तर एका पद्धतीने लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधल्यावर सापडेलच असे नाही. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चेही असेच दोन अवतार आहेत. हिंदीत हे प्रश्न फारसे येत नाहीत, त्यामुळे ‘भारतीय भाषा तपासल्या’ असे म्हणून हिंदी तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते सुटतात.

काळ्या पडद्यावर हुकूम टंकायचा ‘टर्मिनल’ तर देवनागरीच्या बाबतीत अजून बालवाडीत आहे. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन असतो. वेलांटी कोणत्या चौकोनात बसवायची, यावर अनेक टर्मिनलांचा गोंधळ उडतो आणि अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढतात.

आज मराठीतून सरकारी अर्ज, बँकांचे संदेश, शेतमालाचे भाव दाखवणारी ॲप बनतात. ती बनवणारा माणूस ज्या हत्यारावर बसला आहे, त्या हत्याराला मराठी नीट दिसत नसेल, तर चूक पुढे वाहत येते. आणि ती हत्यार तयार होत असतानाच कळवता येते. अंतिम आवृत्तीनंतर कळवली, तर रांगेत ती कुठे जाऊन बसेल, सांगता येत नाही.

काय बिघडू शकते?

हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या चौघांच्या गटाचे प्रोजेक्ट होते. मला नव्याची हौस. एका सॉफ्टवेअरची (नाव घेत नाही, चूक आमची होती) चाचणी आवृत्ती टाकली. तिने सुरुवातीलाच विचारले, ‘प्रोजेक्टच्या फाइल नव्या पद्धतीत बदलून घेऊ का?’ कुणी वाचतो का? ‘होय’ दाबले. महिनाभर सगळे झकास चालले.

एक्स्टर्नलच्या आदल्या रात्री लॅपटॉप उघडला, तर पाटी झळकली, की मुदत संपली. नवा बिल्ड घ्यावा, तर हॉस्टेलच्या वायफायवर तो सकाळपर्यंत उतरला नसता. मित्र म्हणाला, ‘अरे, लॅबमधल्या जुन्या व्हर्जनवर उघड ना.’ सकाळी लॅबमध्ये गेलो. जुन्या आवृत्तीने प्रोजेक्ट उघडायला साफ नकार दिला. फाइल नव्या पद्धतीत गेल्या होत्या. कोड शाबूत होता, कारण कोड म्हणजे शेवटी साधा मजकूर. पण चालवून दाखवता येईना. आम्ही रिपोर्टमधले स्क्रीनशॉट दाखवत व्हायवा दिली. सरांनी सोडले, पण गटातले तिघे आजही लग्नाकार्यात भेटले, की ती रात्र काढतात.

तेव्हापासूनचे नियम साधे आहेत. चाचणी आवृत्ती नेहमीच्या आवृत्तीच्या शेजारी टाकायची, तिच्या जागी नाही. प्रोजेक्टची नक्कल करून ती नक्कल नव्यात उघडायची. ‘बदलून घेऊ का’ असे विचारले, तर आधी गिटमध्ये सगळे जमा आहे ना, ते पाहायचे.

नोकरी करणाऱ्यांसाठी गोष्ट आणखी गंभीर आहे. कंपनीच्या लॅपटॉपवर परवानगीशिवाय काहीही टाकणे बहुतेक ठिकाणी नियमांत बसत नाही. त्यात नव्या आवृत्त्यांमध्ये एआयच्या सुविधा असतात आणि त्यांतल्या अनेक सुविधा कोडचा तुकडा दूरच्या सर्व्हरकडे पाठवूनच उत्तर आणतात. ग्राहकाचा कोड असा बाहेर गेला, तर ‘मी फक्त नवे फीचर बघत होतो’ हे उत्तर चालणार नाही.

आणि उतरवायचे ते मूळ ठिकाणाहूनच. २०१५ मध्ये चीनमध्ये अनेक प्रोग्रामरांनी ॲपलचे ‘एक्सकोड’ लवकर उतरते म्हणून भलत्याच ठिकाणाहून घेतले. त्यात कुणीतरी कोड मिसळलेला होता. त्यातून बनलेली ॲप आपोआप बाधित झाली आणि ॲपलच्या स्टोअरपर्यंत पोहोचली. वीचॅटची एक आवृत्तीही त्यात होती. ‘एक्सकोडघोस्ट’ नावाने हे प्रकरण गाजले. टेलिग्रामवर ‘नवी आवृत्ती, क्रॅकसह’ अशी लिंक आली, की हे आठवावे.

बग कळवायचा कसा?

बहुतेक मोठ्या हत्यारांची तक्रारवही खुली असते. जेटब्रेन्सची ‘यूट्रॅक’वर आहे, अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांची गिटहबवर. तिथे आधी शोधायचे, की आपली तक्रार कुणी केली आहे का. असेल, तर नवी न टाकता त्याच तक्रारीला मत द्यायचे आणि आपला तपशील जोडायचा.

माझी पहिली तक्रार देवनागरीबद्दलच होती आणि ती एका ओळीची होती. ‘मराठी मजकूर नीट दिसत नाही.’ सोबत फोनने काढलेला पडद्याचा फोटो. तीन दिवसांत ती बंद झाली. आमच्याकडे असे होत नाही, असा शेरा. राग आला होता. आज ती वाचली, तर मीही बंद केली असती. कोणती आवृत्ती, कोणता बिल्ड, विंडोज की लिनक्स, फॉन्ट कोणता, काय टंकले, काय दिसायला हवे होते, काहीच नव्हते. युरोपात बसलेल्या त्या माणसाला ‘नीट’ म्हणजे कसे, हेही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्यांदा लिहिले ते असे. बिल्ड क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टीम आणि फॉन्टचे नाव. नवी रिकामी फाइल उघडा. त्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द चिकटवा (शब्द मजकूर म्हणून दिला, चित्र म्हणून नाही, म्हणजे त्याला तो टंकावा लागू नये). कर्सर शेवटी ठेवा. डावीकडचा बाण दोनदा दाबा. कर्सर अमुक ठिकाणी यायला हवा, येतो तमुक ठिकाणी. आधीच्या पक्क्या आवृत्तीत असे होत नाही. आणि एक ओळ जास्तीची : हे मराठीतले नेहमीचे अक्षर आहे, दुर्मीळ चिन्ह नव्हे. इंग्रजी मोडकेतोडकेच होते. त्याने काही अडले नाही. पायऱ्या स्पष्ट होत्या.

आठवड्याभराने एका अनोळखी इंजिनीअरचे उत्तर आले. त्याच्या संगणकावरही तसेच झाले होते. त्याने विचारले, हा ‘ऱ’ आणि साधा ‘र’ यांत वाचताना फरक काय पडतो? ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द एकाखाली एक लिहून, एक गुरुजी आणि एक स्वयंपाकी असे समजावून सांगितले. तक्रार अजून उघडी आहे. दुरुस्ती एकदा पुढच्या आवृत्तीवर ढकलली गेली. तिच्याखाली आतापर्यंत सात मते पडली आहेत, त्यांतली तीन माझ्या हॉस्टेलच्या त्याच तिघांची.